उपग्रह सुटला म्हणजे पोहोचला का? भूस्थिर कक्षेपर्यंतचा पूर्ण प्रवास

रामदासपेठी

२३ ऑगस्टच्या राष्ट्रीय अंतराळ दिनासाठी नागपुरातल्या एका शाळेत तक्ता लावायचा आहे. विषय आहे दळणवळण उपग्रह भूस्थिर कक्षेत, म्हणजे जिथे तो जमिनीवरून कायम एकाच जागी दिसतो तिथे, कसा जातो. मुलांच्या कच्च्या तक्त्यात रॉकेट उडतं, उपग्रह सुटतो आणि पुढच्याच चित्रात तो ३६,००० किमीवर जागेवर उभा असतो. बातम्यांतही तेच दिसतं. सोळा-अठरा मिनिटांत टाळ्या पडतात आणि 'प्रक्षेपण यशस्वी' अशी पट्टी झळकते.

माझं मत असं की इथे प्रवासाचा अवघड भाग गाळला जातो. रॉकेट उपग्रहाला थेट वर का नेऊन सोडत नाही, उरलेलं अंतर तो कसा कापतो, त्यात किती इंधन जातं आणि कुठे बिघडतं, हे आकड्यांसकट हवं आहे. आठवी-नववीची मुलं आहेत, आकड्यांना घाबरत नाहीत.

क्रायोप्रेमी

इस्रोच्या एलव्हीएम३ रॉकेटचं उदाहरण घ्या, टप्पे सुटसुटीत आहेत. जमिनीवरून उठताना फक्त बाजूचे दोन एस२०० घन बूस्टर पेटलेले असतात, प्रत्येकात सुमारे २०५ टन घन इंधन. मधला द्रव इंधनाचा टप्पा एल११० त्या वेळी बंद असतो. त्याची दोन विकास इंजिनं साधारण ११० सेकंदांनी, हवेतच पेटतात. त्यानंतर थोड्याच वेळात बूस्टर गळतात. ११५ किमीच्या आसपास हवा इतकी विरळ होते की उपग्रहावरचं टोपण टाकून देता येतं. पाचेक मिनिटांनी एल११० गळतो आणि सगळ्यात वरच्या सी२५ टप्प्याचं सीई-२० क्रायोजेनिक (अतिथंड इंधनाचं) इंजिन दहा मिनिटांहून जास्त चालतं. त्यात द्रव हायड्रोजन उणे २५३ अंशांवर आणि द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंशांवर असतो.

सी२५ बंद होतं तेव्हा वेग सेकंदाला सुमारे १०.२ किमी असतो आणि उंची जेमतेम पावणेदोनशे किमीच्या आसपास. म्हणजे टाळ्या पडतात तेव्हा उपग्रह अजून पृथ्वीला चिकटूनच असतो. हाती आलेला असतो तो वेग. त्या वेगाच्या जोरावर तो लांबोळक्या कक्षेतून स्वतःच वर जातो आणि सव्वापाच तासांनी ३६,००० किमीच्या टोकाला पोहोचतो. ही संक्रमण कक्षा. तिचा खालचा बिंदू उपभू, वरचा अपभू.

वर्धा_रोड

मग तिथेच थांबावं ना! वर पोहोचला म्हणजे पोहोचला.

गणिती_काकू

@वर्धा_रोड, थांबता येत नाही, कारण अपभूला त्याचा वेग सेकंदाला फक्त १.६ किमी उरतो. त्या उंचीवर वर्तुळात फिरायला ३.०७ लागतो. कमी पडला की तो परत खाली येतो आणि साडेदहा तासांची फेरी पुन्हा सुरू होते.

३५,७८६ किमी ही उंची कोणी ठरवलेली नाही. फेरीचा काळ २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या एका फेरीइतका असला पाहिजे ही अट घातली की गुरुत्वाकर्षणाच्या गणितातून तीच उंची निघते. पृथ्वीच्या केंद्रापासून ४२,१६४ किमी. तक्त्यावर कुठलं अंतर केंद्रापासून आणि कुठलं जमिनीपासून ते नक्की लिहा, मुलांचा तिथेच गोंधळ होतो.

दुसरी अडचण कलाची, म्हणजे कक्षा किती तिरकी आहे त्याची. श्रीहरिकोटा १३.७ अंश उत्तरेला आहे, आणि तिथून सोडलेल्या उपग्रहाची संक्रमण कक्षा विषुववृत्ताशी साधारण २० अंशांचा कोन करते. तशीच गोल केली तर उपग्रह रोज उत्तर-दक्षिण झुलेल आणि गच्चीवरच्या डिश छत्रीला त्याच्यामागे मान हलवावी लागेल. म्हणून वेगही वाढवायचा आणि कक्षा आडवीही करायची.

दोन्ही एकाच वेळी, अपभूला करतात, कारण तिथे वेग सगळ्यात कमी असतो आणि कमी वेगाची दिशा वळवणं स्वस्त पडतं. आकडे बघा. नुसतं गोल करायला सेकंदाला १.४७ किमीचा वेगबदल लागतो. त्यात २० अंशांचं वळण मिसळलं तर १.६६. म्हणजे वळणाचा जादा खर्च फक्त ०.१९. तेच वळण खालच्या कक्षेत, ७.८ किमीच्या वेगाला घ्यायचं म्हटलं तर एकट्या वळणाला २.७ लागले असते.

फुटाळा_काठ

काकूंचा शेवटचा परिच्छेद तक्त्यावर जसाच्या तसा घ्या.

अजनी_यार्ड

विषुववृत्ताजवळून सोडण्याचा फायदा म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा फुकटचा वेग, असंच सगळीकडे लिहितात. फ्रेंच गयानातलं कोरू त्यासाठीच निवडलं ना?

गणिती_काकू

फुकटचा वेग मिळतो हे खरं, पण श्रीहरिकोटा आणि कोरूची तुलना करताना तो मुद्दा फार छोटा आहे. विषुववृत्तावर हा वेग सेकंदाला ४६५ मीटर. कोरू ५.२ अंशांवर, तिथे ४६३. श्रीहरिकोट्याला ४५२. फरक फक्त ११ मीटरचा. नागपूर २१.१५ अंशांवर, इथेसुद्धा ४३४ मिळतात.

खरी बचत कलात आहे. कोरूहून सुमारे ६ अंशांची संक्रमण कक्षा मिळते, आणि मग उपग्रहाला वर १.६६ ऐवजी १.४९ किमी पुरतात. सेकंदाला १७० मीटरची बचत. किलोत सांगते. उपग्रह ३,४०० किलोचा धरू. त्याच्या इंजिनाच्या झोताचा वेग सेकंदाला ३.०९ किमी. श्रीहरिकोट्याहून गेला तर वर पोहोचेपर्यंत १,४१० किलो जळतात, कोरूहून गेला तर १,३००. आता पुढे दरवर्षी जागेवर राहायला सेकंदाला सुमारे ५० मीटरचा वेगबदल लागतो, म्हणजे या वजनाला ३६-३७ किलो. ११० किलो म्हणजे तीन वर्षांचं आयुष्य!

क्रायोप्रेमी

काकूंचं गणित बरोबर, पण एक अट जोडतो. दोन्हीकडे उपभू-अपभू सारखेच धरले तरच ते लागू होतं. रॉकेटची ताकद उरत असेल तर अपभू ३६,००० च्याही वर नेतात. तिथे वेग आणखी कमी, वळण आणखी स्वस्त. फ्लोरिडाच्या केप कॅनव्हेरलहून किमान २८.५ अंशांचा कल घेऊनच निघावं लागतं, तिथे हा उपाय बराच वापरतात. उलट उपग्रह जड असेल तर अपभू खाली ठेवतात. २ नोव्हेंबर २०२५ ला एलव्हीएम३ ने ४,४१० किलोचा सीएमएस-०३ नेला, तेव्हा अपभू ३०,००० किमीच्या आसपासच होता. बाकीचं उपग्रहाने स्वतः चढायचं.

तर्रीपोहा

नागपुरातूनच सोडला तर, राजेहो? ४३४ मीटर काय कमी आहेत का?

क्रायोप्रेमी

@तर्रीपोहा, भाऊ, वेग मिळेल, पण पूर्वेकडे सोडल्यावर गळालेले टप्पे छत्तीसगड आणि ओडिशावर पडतील. पूर्वेला मोकळा समुद्र ही पहिली अट आहे. शिवाय कल २१ अंशांखाली येणार नाही. आणि पुढचा प्रश्न कोणी विचारायच्या आत: तमिळनाडूत कुलशेखरपट्टणमला होणारा तळ विषुववृत्ताच्या आणखी जवळ आहे, पण तो एसएसएलव्ही या इस्रोच्या छोट्या रॉकेटसाठी, दक्षिणेकडे ध्रुवीय कक्षेत छोटे उपग्रह सोडायला आहे. भूस्थिरशी त्याचा संबंध नाही.

हेलियम

उपग्रहाच्या इंजिनाबद्दल अजून कोणी लिहिलं नाही, आणि तक्त्याची खरी रिकामी जागा तीच आहे.

आपल्या उपग्रहांवर ४४० न्यूटनची द्रव अपभू मोटर असते, सगळे तिला लॅम म्हणतात. ४४० न्यूटन म्हणजे ४५ किलो वजन पेलेल इतकाच जोर. एका टाकीत मोनोमिथाइल हायड्राझिन, दुसरीत नायट्रोजन टेट्रॉक्साइडवर आधारलेला ऑक्सिडायझर. दोन्ही एकमेकांना भेटले की आपोआप पेटतात, ठिणगी लागत नाही. पंपही नाही. वेगळ्या टाक्यांतला उच्च दाबाचा हेलियम रेग्युलेटरमधून उतरवून दोन्ही टाक्यांवर दाब देतो आणि तो दाबच इंधन ढकलतो.

जमिनीवर आणि उड्डाणात हे सगळे मार्ग बंद ठेवलेले असतात. उपग्रह सुटल्यावर पायरो झडपा उडवून ते उघडतात. पायरो झडप एकदाच चालते. छोटा स्फोटक खटका बसतो, आतली पट्टी कापली जाते, वाट कायमची मोकळी. पुन्हा बंद करायची सोय नाही, आणि उघडली नाही तर तिथे जाऊन ठोकायलाही कोणी नाही.

लॅम पेटवण्याचा क्रम असा. आधी उपग्रह हव्या त्या दिशेला वळवायचा. मग छोट्या थ्रस्टरांनी हलका ढकला द्यायचा, म्हणजे वजनरहित अवस्थेत टाकीभर विखुरलेलं इंधन बुडाशी बसतं. वायूचा बुडबुडा नळीत गेला तर ज्वाला अडखळते. मग लॅम. काकूंच्या उदाहरणातले १,४१० किलो जाळायला एकूण पावणेतीन तास लागतील. हे एकदम करत नाहीत. बहुधा तीन वेळा, वेगवेगळ्या फेऱ्यांत अपभूजवळ पेटवतात. पहिल्या खेपेनंतर हासनचं मुख्य नियंत्रण केंद्र कक्षा मोजतं, खरा जोर किती मिळाला ते काढतं आणि पुढची वेळ सेकंदापर्यंत बसवतं. दर खेपेला उपभू वर सरकतो, फेरीचा काळ वाढतो, आणि शेवटची खेप अशी साधायची की उपग्रह आपल्या ठरलेल्या रेखांशाजवळच गोल कक्षेत येईल.

वर्धा_रोड

यात बिघडलेलं प्रत्यक्ष उदाहरण आहे का? तक्त्यावर घटना असली की मुलं थांबून वाचतात.

हेलियम

आहेत. २९ जानेवारी २०२५, जीएसएलव्ही-एफ१५, श्रीहरिकोट्याहून शंभरावं प्रक्षेपण. रॉकेटने एनव्हीएस-०२ अचूक कक्षेत सोडला. हा दिशादर्शक उपग्रह, पण वर चढण्याची पद्धत तीच. ऑक्सिडायझर आत घेणारी झडप उघडलीच नाही. ऑक्सिडायझर नाही म्हणजे मोटर नाही, आणि उपग्रह लांबोळक्या कक्षेतच राहिला. सौरपंख उघडलेले, वीज मिळत होती, संपर्कही होता. अडलं ते चढणं.

दुसरा जीसॅट-६ए हा दळणवळण उपग्रह. २९ मार्च २०१८ ला प्रक्षेपण झालं, कक्षा उंचावण्याच्या दोन खेपा नीट पार पडल्या आणि तिसऱ्या, शेवटच्या खेपेआधी संपर्क तुटला.

@रामदासपेठी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर या दोन घटनांत आहे. दोन्ही वेळा प्रक्षेपण यशस्वीच होतं.

अजनी_यार्ड

जुनी उदाहरणंही घ्या. १९ जून १९८१ ला युरोपच्या एरियन रॉकेटवरून गेलेला ॲपल हा आपला पहिला प्रायोगिक भूस्थिर दळणवळण उपग्रह. त्याची अपभू मोटर म्हणजे आपल्या एसएलव्ही-३ रॉकेटचा चौथा टप्पाच होता. वर पोहोचल्यावर एक सौरपंख उघडला नाही, तरीही त्याच्यावर दोनेक वर्षं प्रयोग झाले. इन्सॅट-१ए मात्र एप्रिल १९८२ मध्ये गेला आणि त्याच सप्टेंबरमध्ये दिशा-नियंत्रणाचं इंधन संपून निकामी झाला.

रॉकेटच्याच चुकीने गेलेलेही आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये जीएसएलव्ही-एफ१० चं क्रायोजेनिक इंजिन पेटलंच नाही. हायड्रोजन टाकीच्या झडपेतून गळती होऊन टाकीचा दाब उतरला होता. म्हणजे इथेही झडप!

सिंदेवाहीकर

संक्रमण कक्षेतल्या रिकाम्या टप्प्याचं पुढे काय होतं, हे विदर्भाने पाहिलं आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. नागपूरपासून चंद्रपूरपर्यंत आकाशात जळत्या तुकड्यांची रांग दिसली, आणि सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची कडी पडली. आसपासच्या भागात गोल टाक्याही सापडल्या. जाणकारांनी ताळा लावला तो फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी लाँग मार्च ३बी च्या तिसऱ्या टप्प्याशी. म्हणजे उपग्रहाला भूस्थिर कक्षेच्या वाटेला लावून मागे राहिलेला टप्पा.

कारण सोपं आहे. अपभू कितीही दूर असला तरी दर फेरीला उपभूपाशी तो पावणेदोनशे-दोनशे किमीवरून, दहा किमीच्या वेगाने हवा घासत जातो. दर वेळी थोडा वेग जातो, अपभू खाली येतो, आणि एक दिवस वर जायला जोर उरत नाही. चंद्र-सूर्याच्या ओढीने उपभू वरखाली होतो, त्यामुळे कोणी काही महिन्यांत पडतो, कोणी बरीच वर्षं फिरत राहतो. चांद्रयान-३ ला नेणाऱ्या एलव्हीएम३ चा वरचा टप्पा १२४ दिवसांत वातावरणात आला. इस्रो असे टप्पे काम संपल्यावर उरलेलं इंधन बाहेर सोडून निष्क्रिय करते, म्हणजे कक्षेत स्फोट होत नाही.

आणि काकूंच्या कलाचा इथेही संबंध आहे. कोरूच्या ६ अंशांच्या टप्प्याचा माग विदर्भावर येऊच शकत नाही. चीनचं शिचांग २८ अंशांवर आहे, त्यामुळे तिथल्या टप्प्यांच्या मागात आपण येतो.

फुटाळा_काठ

@सिंदेवाहीकर, कडीबद्दल माहीत होतं, पण भूस्थिर उपग्रहाशी तिचं नातं आज कळलं. तक्त्यात चंद्रपूरचा नकाशा हवाच.

वर्धा_रोड

रॉकेटने थेट भूस्थिर कक्षेत नेऊन सोडायचं, असं कोणीच करत नाही का?

क्रायोप्रेमी

करतात. रशियाच्या प्रोटॉनवरचा ब्रीझ-एम टप्पा अनेकदा पेटून-थांबून साधारण नऊ तासांत थेट नेऊ शकतो. अमेरिकेच्या फाल्कन हेवी रॉकेटने २०२३ मध्ये व्हायासॅट-३ उपग्रह जवळपास थेट पोहोचवला. (त्याचा मोठा अँटेना नंतर वर नीट उघडला नाही, बहुतेक क्षमता गेली. तिथेही प्रक्षेपण यशस्वीच.) अडचण पाच तास वाट बघण्याची आहे. तेवढ्यात द्रव हायड्रोजन उकळून जातो, टप्प्याच्या बॅटऱ्या उतरतात, आणि इतक्या वेळाने इंजिन पुन्हा पेटवावं लागतं. वर रिकामा टप्पाही सोबत वाहून न्यावा लागतो, म्हणून उपग्रहाचं वजन घटवावं लागतं.

उलट टोकाला विद्युत प्रणोदन आहे. झेनॉन वायूचे आयन प्रचंड वेगाने फेकायचे. इंधन कितीतरी कमी लागतं, पण जोर इतका क्षीण की चढायला महिने लागतात, आणि तेवढा काळ व्हॅन ॲलन पट्ट्यांतून, म्हणजे पृथ्वीभोवतीच्या किरणोत्साराच्या पट्ट्यांतून, ये-जा करताना सौरपंखांची झीज होते. लवकर सेवा सुरू करायची असेल तर रासायनिक मोटर, वजन वाचवायचं असेल तर विद्युत. मला स्वतःला मोठ्या उपग्रहांचं भविष्य दुसऱ्या वाटेत दिसतं.

रामदासपेठी

भरपूर मिळालं, सगळ्यांचे मनापासून आभार. आता ठरतंय ते असं: तक्त्यात 'सुटला', 'गोल झाला', 'अँटेना उघडले', 'जागेवर बसला' अशी चार वेगळी ठिकाणं, आणि 'पोहोचला' हा शब्द फक्त चौथ्यावर. प्रमाणात काढायचं तर कसं काढू?

गणिती_काकू

चार ठिकाणं अगदी योग्य. एका कार्डशीटवर १ सेंमी = २,००० किमी धरा. पृथ्वीचा व्यास ६.४ सेंमी. भूस्थिर कक्षेचं वर्तुळ ४२.२ सेंमी व्यासाचं, साध्या ५६ x ७१ सेंमीच्या शीटवर बसतं. लंबवर्तुळासाठी एक टाचणी पृथ्वीच्या केंद्रात, दुसरी १७.८ सेंमी दूर. दोन्हींभोवती ४२.१ सेंमी घेराचा बंद दोरा टाका आणि पेन्सिलने ताणून फिरवा. एक टोक वर्तुळाला टेकेल, दुसरं पृथ्वीच्या कडेपासून एक मिलिमीटरही दूर नसेल. ते टोक मुलांना स्वतः काढू द्या. पावणेदोनशे किमी म्हणजे किती कमी, ते तिथे दिसतं. दोरा न ताणणारा घ्या, शिवणाचा रीळ चालेल, इलॅस्टिक नको.

तर्रीपोहा

नागपूरच्या प्रदर्शनात पृथ्वी संत्र्याचीच पाहिजे! सात सेंमीचं संत्रं घेतलं तर भूस्थिर कडं केंद्रापासून २३ सेंमीवर येतं.

छत्रीवाला

चौथ्या ठिकाणाबद्दल थोडं. जागेवर बसला म्हणजे स्थिर झाला असं नाही. चंद्र-सूर्य दरवर्षी कक्षा ०.८५ अंशांच्या आसपास कलवतात, काकूंचे ५० मीटर मुख्यतः त्यातच जातात. शिवाय पृथ्वी पूर्ण गोल नसल्याने सगळे उपग्रह दोन ठिकाणांकडे घसरतात, त्यातलं एक ७५ अंश पूर्व रेखांशावर आहे. आपल्या डोक्यावरच्या ७९ अंशांपासून जवळच. म्हणून ८३ अंशांवरचे उपग्रह सारखे पश्चिमेकडे सरकू बघतात. त्यांना ०.२ अंश रुंदीच्या चौकटीत ठेवायचं असतं. कक्षेवर ती रुंदी १४७ किमी भरते, आणि एकाच चौकटीत एकाहून जास्त उपग्रह सांभाळतात. आयुष्य संपत आलं की शेवटच्या इंधनावर सुमारे ३०० किमी वर नेऊन सोडतात, म्हणजे जागा मोकळी होते.

नागपुरातून ८३ अंशांसाठी छत्री खऱ्या दक्षिणेपासून ११ अंश पूर्वेला आणि ६५ अंश वर. ९३.५ साठी दक्षिणेपासून ३५.५ अंश पूर्वेला, ६० अंश वर. इथे होकायंत्राची आणि खरी उत्तर जवळपास एकच आहे, दुरुस्ती लागत नाही. लोखंडी खांबाला चिकटून मात्र होकायंत्र बघू नका, सुई भलतीकडे जाते. आपल्या ऑफसेट छत्र्या, म्हणजे सिग्नल पकडणारा डबा मध्यावर नसून खाली असलेल्या, दिसतात त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असतात, तेव्हा कोन छत्रीच्या चेहऱ्यावर मोजू नका, मागच्या पट्टीवरच्या खुणांवर लावा. आणि खांब ओळंब्यात नसेल तर हे सगळे आकडे वाया.

वर्धा_रोड

दादा, मार्चमध्ये दुपारी चित्र फुटतं ते काहून?

छत्रीवाला

सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि त्याचा रेडिओ-गोंगाट छत्रीत शिरतो. नागपुरासाठी ते दिवस ११ मार्चच्या आणि २ ऑक्टोबरच्या आसपासचे. ८३ अंशांच्या उपग्रहाला मार्चमध्ये दुपारी बाराच्या किंचित पुढे, ऑक्टोबरमध्ये पावणेबाराच्या सुमारास. ९३.५ ला मार्चमध्ये सव्वाअकराच्या सुमारास, ऑक्टोबरमध्ये अकराच्या थोडं आधी. काही दिवस, रोज काही मिनिटं. त्या वेळात छत्री हलवू नका, एलएनबी (सिग्नल पकडणारा डबा) बदलू नका. सूर्य सरकला की चित्र आपोआप परत येतं. आणि त्याच मिनिटांना एलएनबीची सावली छत्रीवर कुठे पडते ते बघून ठेवा. ऑफसेट छत्रीवर ती मध्यभागी पडत नाही, खालच्या कडेला पडते. डावी-उजवीकडे सरकलेली दिसली तर दिशा तेवढी चुकली आहे.